प्रोस्टेटचा कर्करोग गोठवताना : फोकल क्रायोथेरपी कुणासाठी आणि कितपत

साठी ओलांडलेल्या पुरुषाच्या रक्ततपासणीत पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा, आकडा वाढलेला दिसतो, त्यापाठोपाठ एमआरआय आणि बायोप्सी होते आणि अहवालात प्रोस्टेटचा कर्करोग निघतो. तो ग्रंथीच्या बाहेर पसरलेला नाही, एवढा दिलासा डॉक्टर देतात. पण लगेच, संपूर्ण ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकणे किंवा संपूर्ण ग्रंथीला रेडिएशन देणे, असे दोन मार्ग समोर येतात. हे दोन्ही मार्ग अनेक दशकांच्या अनुभवातून तावूनसुलाखून निघालेले आहेत, यात शंका नाही. परंतु लघवीवरचा ताबा जाणे, लिंगाला ताठरता न येणे, आतड्यांचा त्रास होणे, असे त्यांचे परिणाम काही रुग्णांच्या वाट्याला कायमचे येतात. गाठ ग्रंथीच्या एकाच कोपऱ्यात असेल, तर तेवढाच कोपरा नष्ट करून बाकीची ग्रंथी जागच्या जागी ठेवता येईल का, या प्रश्नातून फोकल, म्हणजे नेमक्या भागापुरत्या, उपचारांची सुरुवात झाली. तो भाग गोठवून मारण्याच्या पद्धतीला फोकल क्रायोथेरपी म्हणतात.

‘चिरफाड नाही, दुसऱ्या दिवशी घरी’ एवढेच ऐकून या उपचारावर आशा लावून बसलेल्या कुटुंबांना एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. गोठवणे हा यातला सोपा भाग आहे. कठीण आहे ते कडा ओळखणे. कर्करोग नेमका कुठे संपतो ही एक कड, आणि पेशींना खात्रीने मारणारी थंडी नेमकी कुठे संपते ही दुसरी. यांपैकी एकही कड पडद्यावर दिसते तिथे नसते. या उपचाराचे फायदे, त्याचे धोके, त्यासाठी होणारी रुग्णांची निवड आणि नंतरची वर्षानुवर्षांची देखरेख, हे सारे याच एका अडचणीच्या आधारे नीट समजून घेता येते.

ग्रंथी आणि तिचे शेजारी

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून खाली उतरतो. तरुण पुरुषात तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते आणि वाढत्या वयात ते दुप्पट-तिप्पटही होते. तिच्या मागे, एका पातळ पडद्याआड, गुदाशय असतो. मागच्या डाव्या आणि उजव्या कडेला चिकटून मज्जातंतू व रक्तवाहिन्यांचा एकेक जुडगा जातो आणि लिंगाची ताठरता मुख्यतः या दोन जुडग्यांवर अवलंबून असते. ग्रंथीच्या खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. म्हणजे मागे, बाजूला किंवा खाली, कुठेही काही मिलिमीटर जास्त सरकले की काहीतरी मोलाचे दुखावते. पुढची, म्हणजे ओटीपोटाच्या हाडाकडची बाजू तेवढी तुलनेने मोकळी असते.

दुसरी अडचण अशी की हा कर्करोग बहुधा एकाच ठिकाणी उगवत नाही. शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले की बहुसंख्य रुग्णांमध्ये दोन किंवा अधिक स्वतंत्र गाठी सापडतात. मग त्यांतली एकच नष्ट करून काय साधणार? फोकल उपचार करणाऱ्यांचे उत्तर असे की या गाठींपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत वरच्या श्रेणीची, म्हणजे सर्वांत आक्रमक, जी मुख्य गाठ असते, तीच रोगाची पुढची वाटचाल ठरवते, आणि बाकीच्या बारीक, मंद गाठी अनेकदा जन्मभर निरुपद्रवी राहतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात, या रोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शरीरात ठिकठिकाणी पसरलेल्या गाठी बहुतेकदा एकाच पेशीवंशातून आल्याचे आढळले आणि या विचाराला बळ मिळाले. मात्र तो वंश दर वेळी मोठ्या गाठीतूनच निघतो असे नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एका रुग्णाचा बारकाईने माग काढला, तेव्हा त्याचा घातक पेशीवंश एका लहान, खालच्या श्रेणीच्या गाठीतून उगवल्याचे दिसले. अशी उदाहरणे विरळ असतील. तरीही मुख्य गाठीचा सिद्धांत हा एक सबळ अंदाज आहे, निसर्गनियम नव्हे, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

आधीचा प्रश्न : उपचार हवा आहे का?

बायोप्सीच्या अहवालात ग्लीसन स्कोअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडलेली दिसते याचे दोन आकडे (पहिला सर्वाधिक आढळणाऱ्या रचनेचा), आणि त्यावरून ठरणारा ग्रेड ग्रुप दिलेला असतो. ग्रेड ग्रुप १ सर्वांत मंद आणि ५ सर्वांत आक्रमक. ग्लीसन ३+३ म्हणजे ग्रेड ग्रुप १, ३+४ म्हणजे २ आणि ४+३ म्हणजे ३. शेवटच्या दोहोंची बेरीज सातच होत असली तरी त्यांच्या वागण्यात बराच फरक असतो. म्हणून अहवाल वाचताना नुसत्या बेरजेवर थांबू नये, पहिला आकडा कोणता आहे तेही पाहावे.

ग्रेड ग्रुप १ असलेल्या बहुसंख्य पुरुषांना लगेच कोणताच उपचार लागत नाही. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करत रोगावर लक्ष ठेवायचे आणि तो बदलू लागला तरच हात घालायचा, या पद्धतीला ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. ब्रिटनमधील प्रोटेक्ट नावाच्या चाचणीत ग्रंथीपुरता कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत, कोणाच्याही पसंतीवर न सोडता, विभागणी केली होती. २०२३ साली तिचे १५ वर्षांचे निष्कर्ष आले. तिन्ही गट मिळून या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के होते आणि गटागटांत त्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के आणि रेडिएशनच्या गटात ५ टक्के होते. हे आकडे एकत्र वाचले तर दोन गोष्टी कळतात. निर्णयासाठी बहुतेकांकडे आठवडे नव्हे, महिने असतात. आणि तरीही हा रोग सगळ्यांच्याच बाबतीत दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

फोकल क्रायोथेरपीची जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे. देखरेखीवर सोडावा इतका रोग मंद नाही, पण संपूर्ण ग्रंथीवर उपचार करावा इतका तो पसरलेलाही नाही, अशा पुरुषांसाठी ती आहे. मंद रोगावर केवळ ‘काहीतरी केले’ या समाधानासाठी ती करणे मला चुकीचे वाटते, कारण कितीही लहान असला तरी तो हस्तक्षेपच असतो आणि ज्याला काहीच लागत नव्हते त्याला त्यातून फक्त धोकाच मिळतो.

थंडी पेशीला कशी मारते

तापमान शून्याखाली उतरू लागले की बर्फाचे स्फटिक आधी पेशींच्या बाहेरच्या द्रवात तयार होतात. पाणी बर्फात अडकल्यामुळे उरलेल्या द्रवात क्षारांचे प्रमाण वाढते, तो द्रव पेशीतले पाणी ओढून घेतो आणि पेशी आक्रसत जाते. थंडी झपाट्याने उतरली तर पेशीला पाणी बाहेर सोडायला वेळच मिळत नाही, स्फटिक तिच्या आतच तयार होतात आणि तिची आवरणे फाटतात. फ्रीझरमध्ये राहून गेलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो, त्यामागचे कारण हेच. वितळणेही तितकेच मारक असते, कारण हळूहळू वितळताना बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि बाहेरचे पाणी आत शिरून अधू झालेल्या पेशी फुगून फुटतात. पुढच्या काही तासांत तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि थंडीतून तगलेल्या कित्येक पेशी नंतरच्या दिवसांत मरतात.

प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी भरवशाने मारायच्या तर तापमान उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि गोठवणे-वितळवणे यांचे आवर्तन दोनदा करावे लागते. पहिल्या आवर्तनातून सुटलेल्या पेशी दुसऱ्यात बहुधा सापडतात. शून्य अंशाला किंवा त्याच्या थोडेसे खाली गोठलेली पेशी मात्र वितळल्यावर पुन्हा जगू शकते, आणि सगळी गोम इथेच आहे.

गाठी थंडीने मारण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रायटनचे डॉक्टर जेम्स अर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मीठ आणि बर्फाच्या मिश्रणाने स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या बाहेर दिसणाऱ्या गाठी गोठवल्या होत्या. १९६० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कचे मेंदूशल्यविशारद अर्व्हिंग कूपर यांनी द्रवरूप नायट्रोजन खेळवणारी सळई वापरात आणली आणि लवकरच प्रोस्टेटवरही ती वापरली गेली. पण आत बर्फ कुठवर पोहोचला आहे हे तेव्हा दिसत नव्हते. मूत्रमार्गाचे अस्तर मरून झडणे, गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्यात भोक पडणे, अशा गुंतागुंतींमुळे ही पद्धत मागे पडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गॅरी ओनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुदाशयातून केलेल्या सोनोग्राफीत बर्फाची वाढ प्रत्यक्ष पाहत गोठवण्याचे तंत्र बसवले, आणि तिचे पुनरुज्जीवन झाले. तरीही तेव्हा संपूर्ण ग्रंथीच गोठवली जात असे, दोन्ही बाजूंचे मज्जातंतू बर्फात सापडत आणि बहुतेक पुरुषांची ताठरता जात असे. एका बाजूचा जुडगा वाचवून फक्त रोगट भाग गोठवण्याचा मोजक्या रुग्णांवरचा अनुभव ओनिक यांनीच २००२ मध्ये प्रसिद्ध केला. फोकल क्रायोथेरपीची आजची वाट तिथून सुरू होते.

प्रत्यक्ष काय करतात

पूर्ण भूल किंवा कमरेखालची भूल देऊन रुग्णाला पाय वर घेऊन निजवतात. सोनोग्राफीचा प्रोब गुदाशयात ठेवला जातो. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून, बारीक छिद्रांच्या जाळीचा आधार घेत, साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या सुया ग्रंथीच्या ठरलेल्या भागात घातल्या जातात. एकदोन ठिकाणी तापमान मोजणाऱ्या सुयाही बसवतात, विशेषतः गुदाशयाच्या बाजूला आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूजवळ. मूत्रमार्गात एक नळी घालून तिच्यातून कोमट सलाईन सतत फिरवले जाते, म्हणजे मूत्रमार्गाचे अस्तर गोठत नाही. काही शल्यविशारद गुदाशय आणि ग्रंथी यांच्या मधल्या पडद्यात सलाईन टोचून दोहोंत थोडे अंतर निर्माण करतात.

सुईच्या टोकापर्यंत उच्च दाबाखाली आर्गॉन वायू नेतात. तिथे तो एकदम प्रसरण पावतो आणि टोकाचे तापमान उणे १०० अंशांच्याही बरेच खाली जाते. वितळवण्याच्या वेळी पूर्वापार हेलियम सोडतात, कारण नेहमीच्या तापमानाला प्रसरण पावताना आर्गॉन थंड होतो, तर हेलियम तापतो. सुयांभोवती बर्फाचे गोळे वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात. एकूण काम साधारण दीड-दोन तासांत आटोपते. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो, लघवीची नळी मात्र काही दिवस, कधी आठवडाभर, ठेवावी लागते.

दोन कडा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सोनोग्राफीत बर्फाची जवळची कड ठळक पांढऱ्या रेषेसारखी दिसते, आणि तिच्यापलीकडे सगळा अंधार असतो, कारण बर्फ ध्वनिलहरी पुढे जाऊ देत नाही. प्रोब गुदाशयात असल्यामुळे डॉक्टरांना बर्फाची मागची कड दिसते, पुढची दिसत नाही. म्हणून सुया साधारणपणे पुढच्या बाजूने सुरू करून मागे येतात, म्हणजे दृश्य शेवटपर्यंत झाकले जात नाही. पण जी कड दिसते ती शून्य अंशाच्या आसपासची असते. उणे ४० अंशांची, खात्रीने मारणारी कड तिच्यापेक्षा काही मिलिमीटर आत असते. दिसणारा बर्फ हा मरणाऱ्या भागापेक्षा मोठा असतो.

कर्करोगाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. एमआरआयवर दिसणारी गाठ ही खऱ्या गाठीपेक्षा बहुधा लहान असते. एमआरआय झालेल्या रुग्णांच्या नंतर काढलेल्या ग्रंथी काप करून तपासल्या, तेव्हा दिसणाऱ्या सीमेबाहेरही रोग पसरलेला आढळला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासाने संपूर्ण गाठ टप्प्यात येण्यासाठी एमआरआयवरील गाठीभोवती चहूबाजूंनी सुमारे ९ मिलिमीटरची पट्टी धरावी, असे सुचवले. अवघ्या काही सेंटिमीटरच्या ग्रंथीत ९ मिलिमीटर म्हणजे फार मोठी जागा झाली.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की हिशेब लक्षात येतो. खरी गाठ दिसते त्याहून बाहेरपर्यंत असते आणि खरी मारक थंडी दिसते त्याहून आत असते. म्हणून दिसणारा बर्फ दिसणाऱ्या गाठीच्या बराच पलीकडे न्यावा लागतो. पलीकडे जागा मोकळी असेल तर यात काही बिघडत नाही. पण तिथे मज्जातंतूंचा जुडगा, गुदाशय किंवा लघवी रोखणारा स्नायू असेल तर डॉक्टरांना दोहोंपैकी एकाला झुकते माप द्यावे लागते. बर्फ आधी थांबवला तर कर्करोग उरतो, पुढे नेला तर इंद्रिय दुखावते. फोकल उपचारानंतरही काही पुरुषांची ताठरता का जाते आणि काहींच्या उपचारित भागाच्या कडेलाच रोग का सापडतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हेच आहे.

ग्रंथीच्या पुढच्या भागातल्या गाठी क्रायोथेरपीला सर्वांत सोयीच्या का, हेही यातून उलगडते. तिथे बर्फाला पुढे वाढू द्यायला जागा असते आणि मज्जातंतू व गुदाशय दोन्ही दूर असतात. गुदाशयातून तीव्र ध्वनिलहरी सोडून गाठ तापवून मारण्याची हायफू ही दुसरी फोकल पद्धत मागच्या भागातील गाठींसाठी सोयीची असते, पण पुढच्या गाठींपर्यंत, विशेषतः ग्रंथी मोठी असेल तर, तिची मारक उष्णता नीट पोहोचत नाही. म्हणूनच ज्या केंद्रांत दोन्ही सोयी आहेत तिथे गाठीच्या जागेवरून पद्धत निवडली जाते. एखाद्या केंद्राकडे एकच यंत्र असेल आणि प्रत्येक गाठीला तेच सुचवले जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे शहाणपणाचे. खालच्या टोकाला, स्नायूला लागून असलेल्या गाठींबाबत कोणतीही फोकल पद्धत जपूनच वापरावी लागते.

कुणाला चालते, कुणाला नाही

ज्याच्या बाबतीत विचार करता येतो असा रुग्ण साधारण असा असतो. रोग ग्रंथीच्या आत, शक्यतो एकाच बाजूला. ग्रेड ग्रुप २, निवडक बाबतीत ३. पीएसए फार वाढलेला नाही. एमआरआयवर दिसणारी गाठ आणि बायोप्सीत रोग सापडलेली जागा एकमेकींशी जुळते. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एमआरआय डावीकडे गाठ दाखवत असेल आणि बायोप्सीत उजवीकडेही लक्षणीय रोग निघाला, तर नकाशावरच विश्वास ठेवता येत नाही. म्हणून केवळ संशयित गाठीतून नव्हे, तर बाकीच्या ग्रंथीतूनही पद्धतशीर नमुने घेतलेले असावेत, आणि ते शक्यतो गुदाशयातून न घेता अंडकोशामागच्या त्वचेतून घेतलेले असावेत. त्या मार्गाने पुढच्या भागापर्यंत नीट पोहोचता येते आणि जंतुसंसर्गाचा धोकाही कमी असतो.

ग्रेड ग्रुप ४ आणि ५, ग्रंथीबाहेर गेलेला रोग, दोन्ही बाजूंना पसरलेला लक्षणीय रोग, यांसाठी हा उपचार नाही. पूर्वी दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडलेली असेल तर मूत्रमार्गाजवळची पोकळी कोमट सलाईनच्या नळीने नीट राखता येत नाही आणि अस्तर झडण्याचा धोका वाढतो. गुदाशयाच्या जुन्या शस्त्रक्रिया किंवा भगंदर असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एमआरआय करता येत नसेल तर फोकल उपचाराचा पायाच नाहीसा होतो.

पुरावा किती भक्कम आहे

अमेरिकेतील कोल्ड या नोंदवहीत १९९७ ते २००७ या काळात फोकल क्रायोथेरपी झालेल्या १,१६० पुरुषांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. पॅड न वापरता लघवी रोखू शकणाऱ्यांचे प्रमाण ९८.४ टक्के होते, ताठरता टिकलेल्यांचे ५८.१ टक्के, आणि गुदाशय-मूत्रमार्गात भोक पडण्याचा प्रकार हजारात एक. पीएसएच्या निकषावर तीन वर्षांनी रोगमुक्त गणले गेलेले पुरुष ७५.७ टक्के होते. हे आकडे वाचून हुरळून जाण्याआधी एक पाहावे. या १,१६० जणांपैकी पुन्हा बायोप्सी झाली ती केवळ १६४ जणांची, आणि त्यांतल्या ४३ जणांत, म्हणजे चौघांमागे एकात, कर्करोग सापडला. उरलेल्या हजाराच्या ग्रंथीत काय होते ते त्या नोंदवहीवरून कळत नाही. ती आजच्या दर्जाच्या एमआरआयच्या आधीच्या काळातली आहे हेही खरे. अलीकडे, २०१९ मध्ये, ब्रिटनमधून १२२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांत पुढच्या भागातील गाठींवर भर होता, आणि तीन वर्षांनी सुमारे ९० टक्के पुरुषांना संपूर्ण ग्रंथीवरच्या किंवा औषधी उपचाराकडे वळावे लागले नव्हते. ही नक्कीच उमेद वाढवणारी गोष्ट आहे. पण या रोगाच्या चालीने पाहता तीन वर्षे हा फार थोडा काळ आहे.

कॅनडातील कॅल्गरी येथे २४४ पुरुषांवर संपूर्ण ग्रंथीची क्रायोथेरपी आणि बाहेरून दिलेले रेडिएशन यांची रीतसर तुलना झाली होती. तीन वर्षांनी रोगाच्या वाटचालीत ठळक फरक दिसला नाही, लैंगिक क्षमता मात्र क्रायोथेरपीच्या गटात अधिक खालावली. त्या चाचणीतून गोठवण्याची मारक शक्ती कळते, फोकल उपचाराचा दीर्घकालीन भरवसा कळत नाही. शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन यांच्या तोडीस तोड फोकल क्रायोथेरपीने आयुष्य वाचते, असे दाखवणारी दहा-पंधरा वर्षांची तुलनात्मक चाचणी आज हाती नाही.

म्हणूनच युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे फोकल उपचार चाचणीच्या किंवा शिस्तशीर नोंदवहीच्या चौकटीतच करावेत असे सांगतात. अमेरिकेची २०२२ ची तत्त्वे मध्यम धोक्याच्या निवडक रुग्णांशी, पुरावा अपुरा आहे हे स्पष्ट सांगून, चर्चा करण्यास मुभा देतात आणि जास्त धोक्याच्या रोगासाठी हा उपचार चाचणीबाहेर सुचवू नये असे बजावतात. दोन्हींचा सूर मला योग्य वाटतो.

भारताच्या संदर्भात एक गोष्ट विसरता येत नाही. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आढळतात, आणि त्यांतले पुष्कळ जण कंबरेच्या किंवा पाठीच्या हाडांत रोग पोहोचल्यावरच डॉक्टरांकडे येतात. त्यांना हा लेख ज्याविषयी आहे तो पर्यायच उरलेला नसतो. वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा रोग झाला असेल, तर पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टरांशी पीएसए तपासणीबद्दल बोलणे हे कोणत्याही आधुनिक सुईपेक्षा अधिक उपयोगी आहे.

नंतरची वर्षे

पहिल्या काही दिवसांत अंडकोशावर सूज आणि काळेनिळेपणा, लघवीत रक्त, वारंवार लघवीची भावना हे नेहमीचे असते आणि ते ओसरते. काहींची लघवी नळी काढल्यावर अडते आणि नळी पुन्हा घालावी लागते. लिंगाच्या टोकाला काही काळ बधिरपणा येऊ शकतो. ताप, थंडी वाजणे, लघवीतून हवा जाणे किंवा गुदद्वारातून लघवी येणे यांपैकी काहीही झाले तर थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

खरा प्रश्न पुढचा असतो. ग्रंथी काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून तो पुन्हा वाढला की रोग परतल्याचे कळते. फोकल उपचारानंतर उरलेली निरोगी ग्रंथी पीएसए बनवतच राहते. तो उतरतो, पण शून्यावर येत नाही, आणि किती वाढला म्हणजे रोग परतला याचा सर्वमान्य आकडा ठरलेला नाही. त्यामुळे केवळ रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. साधारण वर्षभराने एमआरआय आणि बायोप्सी, तीही गोठवलेल्या भागाच्या कडेतून आणि न गोठवलेल्या भागातूनही, आणि पुढे वर्षानुवर्षे पीएसए व एमआरआय, हा या उपचाराचाच भाग आहे. ही बायोप्सी नको म्हणणाऱ्या रुग्णाने मुळात फोकल उपचार घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

रोग उरलेला किंवा नवा सापडला, तर पुन्हा गोठवणे, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन असे मार्ग उघडे असतात. गोठवलेल्या बाजूला व्रण होऊन ऊती एकमेकींना चिकटतात, त्यामुळे नंतरची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड होऊ शकते, हेही आधीच विचारून घ्यावे.

मुले अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असल्यामुळे तिकडे हा उपचार घेऊन परतणारे, किंवा तिकडेच राहून निवृत्तीनंतर पुण्याला, नाशिकला, मडगावला येणारे अनेक मराठी पुरुष आहेत. पुढची देखरेख इथल्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे येते, आणि त्यांच्या हाती केवळ ‘क्रायो झाले आहे’ एवढे वाक्य असेल तर त्यांना नीट काही ठरवता येत नाही. उपचारापूर्वीच्या एमआरआयचा नुसता अहवाल नव्हे, तर प्रतिमांसह डिस्क, कोणत्या जागेतून किती नमुने घेतले आणि कशात काय निघाले हे दाखवणारा बायोप्सीचा अहवाल, ग्रंथीचा नेमका कोणता भाग गोठवला आणि किती आवर्तने केली याची शस्त्रक्रियेची टिपण, आणि उपचाराआधीपासूनचे सर्व पीएसए तारखांसह, एवढे कागद रुग्णालयातून निघण्यापूर्वीच मागून घ्यावेत. बायोप्सीच्या काचपट्ट्याही दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यासाठी मागता येतात.